खर्जापासून वर: अमेरिकेतील पुरुष गायकसमूहांची गाणी कशी ऐकावीत

मराठी घरात वाढलेला कान एका चालीच्या मागे जायला शिकलेला असतो. भजनात बुवांनी म्हटलेली ओळ टाळकरी त्याच सुरांत उचलतात, फार तर एखाद्याचा आवाज सप्तकभर खाली किंवा वर असतो. मैफलीत तंबोरा षड्ज-पंचम धरून ठेवतो आणि त्यावर एकच सुरावट उलगडत जाते. अशा कानाने अमेरिकेतील चार-पाच पुरुषांच्या गायकसमूहाचे गाणे ऐकले, तर एक प्रमुख गायक ऐकू येतो आणि बाकीचे मागे काहीतरी ‘ऊ’ आणि ‘आ’ करत आहेत एवढेच जाणवते. मीही कित्येक वर्षे ही गाणी अशीच ऐकत होतो आणि ती मला गोड पण काहीशी साधी वाटत होती. या गाण्यांचा जीव त्या मागच्या आवाजांत आहे, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. म्हणून नव्याने ऐकू लागणाऱ्यांसाठी मी जी पद्धत सुचवतो ती अशी: प्रमुख गायकाकडे काही काळ मुद्दाम दुर्लक्ष करावे, सर्वांत खालचा आवाज आधी पकडावा आणि तेथून एकेक आवाज वर चढत जावे.

तयारी फार लागत नाही. दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारा साधा हेडफोन, गाणी ऐकण्यासाठी फोन आणि शक्य असल्यास घरातली पेटी एवढे पुरे. मात्र ध्वनिमुद्रण निवडताना एक काळजी घ्यावी. जुन्या गायकसमूहांपैकी अनेकांनी आपलीच गाजलेली गाणी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि काही प्रसिद्ध समूहांची नावे घेऊन भलतीच मंडळी वर्षानुवर्षे गात राहिली; ‘द इंक स्पॉट्स’ या नावाने तर असे असंख्य संच फिरले. ध्वनिमुद्रणाचे वर्ष पाहावे आणि मूळ वर्षाचेच घ्यावे, कारण उतारवयातल्या आवृत्तीत आवाजांचा मूळ तोल बहुधा राहिलेला नसतो.

आधी पेटीवर दहा मिनिटे

हार्मनी, म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे सूर एकाच वेळी जुळवणे, हे वाचून कळत नाही, बोटांखाली मात्र लगेच कळते. पेटीवर पांढरी एक ही पट्टी धरावी आणि सा, ग, प हे तीन सूर एकदम दाबावेत. हा झाला पहिला स्वरगुच्छ, म्हणजे कॉर्ड. आता खालचा ध, मग सा आणि ग एकत्र दाबावेत. पुढे म, ध आणि वरचा सा. आणि शेवटी प, नि आणि वरचा रे. हे चार गुच्छ क्रमाने, प्रत्येकी चार मात्रा, असे चक्रासारखे फिरवत राहावे. 1950 च्या दशकातील अमेरिकन गायकसमूहांच्या शेकडो गाण्यांचा पाया हाच आहे, इतका की या क्रमाला तिकडे त्या दशकाच्याच नावाने ओळखतात.

आता पेटी वाजवत असताना प्रत्येक गुच्छातला फक्त सर्वांत खालचा सूर तोंडाने म्हणावा: सा, खालचा ध, म, प. हे काम गायकसमूहात बेस गायकाचे असते. त्यानंतर फक्त मधला सूर म्हणून पाहावा. येथे अडचण येते, कारण मधल्या सुरांची मिळून जी ओळ होते ती चाल म्हणून लक्षात राहणारी नसते आणि वरचा व खालचा असे दोन्ही सूर आपल्याला आपल्याकडे ओढत असतात. ही ओढ एकदा अनुभवली, की मधल्या आवाजात गाणाऱ्या माणसांविषयी वाटणारा आदर कायमचा वाढतो. ज्यांनी गोव्यातला मांडो ऐकला आहे त्यांचा कान येथे थोडा पुढे असेल, कारण मांडोत दुसरा आवाज मुख्य चालीला धरून काही सुरांच्या अंतराने चालतो. चर्चमधल्या संगीतशिक्षणातून ती सवय गोव्यात रुजली.

पहिली पायरी: चार भाऊ आणि एक गिटार

ऐकण्याची सुरुवात ‘द मिल्स ब्रदर्स’पासून करावी, कारण त्यांच्याकडे वाद्यांची गर्दी नाही. ओहायो राज्यातील पिक्वा या गावचे हे चार कृष्णवर्णीय भाऊ. एका स्पर्धेच्या वेळी कझू हे तोंडाने वाजवायचे छोटे वाद्य बरोबर आणायचे राहिले, म्हणून तोंडावर हात धरून ट्रम्पेटचा आवाज काढला आणि तेथून त्यांची शैली जन्मली, अशी हकिगत सांगितली जाते. 1931 च्या ‘टायगर रॅग’मध्ये ट्रम्पेट, ट्यूबा, ट्रॉम्बोन अशी फुंकून वाजवायची पितळी वाद्ये ऐकू येतात, आणि ती सगळी गळ्यातून आलेली आहेत. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांच्या तबकड्यांवर गिटारखेरीज दुसरे कोणतेही वाद्य वापरलेले नाही अशी सूचना छापावी लागे.

हे गाणे तीनदा ऐकावे. पहिल्यांदा काही न शोधता. दुसऱ्यांदा फक्त खालचा, ट्यूबासारखा चालणारा आवाज ऐकावा आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला बोटाने टेबलावर ताल द्यावा. तिसऱ्यांदा त्या आवाजाला कानात ठेवूनच वरच्या ‘ट्रम्पेट’कडे जावे. थोरला भाऊ जॉन हा बेस गात असे आणि गिटारही वाजवीत असे. 1936 मध्ये त्याचे निधन झाल्यावर बेसची जागा घ्यायला त्यांचे वडीलच समूहात आले. खालचा आवाज गेला की अख्खा समूह कोसळतो आणि तो बाहेरच्या माणसाने सहज भरून निघत नाही, हे या घराला पक्के ठाऊक होते.

येथून ‘द इंक स्पॉट्स’कडे जाणे सोपे आहे. 1939 च्या ‘इफ आय डिडन्ट केअर’मध्ये बिल केनी हा अत्यंत उंच, स्वच्छ आवाजात गातो, आणि तेच शब्द मध्यावर हॉपी जोन्स खर्जातल्या आवाजात, गाता गाता नव्हे तर बोलून सांगतो. वरचा आवाज आणि खालचे बोलणे, एवढी ही रचना. ती लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

दुसरी पायरी: रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाणे

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतील वस्त्यांमध्ये, प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांचे, असे गट उभे राहिले ज्यांच्याकडे वाद्ये घ्यायला पैसे नव्हते. चर्चमधल्या गॉस्पेल चौकड्यांचे गाणे त्यांच्या कानात होते. इमारतींचे जिने, भुयारी रेल्वेची स्थानके, जिथे आवाज घुमतो अशा जागा ते शोधत, आणि वाद्यांचे काम निरर्थक अक्षरांनी करीत. त्या अक्षरांवरूनच या शैलीला पुढे ‘डू-वॉप’ हे नाव पडले. अनेक समूहांची नावे पक्ष्यांची आणि मोटारींची असत: ओरिओल्स, रेव्हन्स, फ्लेमिंगोज, पेंग्विन्स, कॅडिलॅक्स.

येथे ऐकायची पहिली गोष्ट म्हणजे ती अक्षरे. नवा श्रोता त्यांना पोरकट समजून सोडून देतो. आपल्याकडे तराण्यातील ‘दिर दिर’, ‘तोम’, ‘नोम’ यांना कोणी पोरकट म्हणत नाही, कारण त्यांचा उच्चार लयीला कसा टोक देतो हे आपल्याला माहीत असते. येथेही तेच पाहावे. ‘ब’ आणि ‘ड’ने सुरू होणारी अक्षरे बेसला मिळतात, कारण ओठ किंवा जीभ उघडताना बसणारा धक्का ढोलासारखा उमटतो. ‘ऊ’ आणि ‘वा’ मधल्या आवाजांना मिळतात, कारण ते लांबवता येतात आणि एकमेकांत मिसळतात. 1961 मध्ये ‘द मार्सेल्स’ने ‘ब्लू मून’ हे 1930 च्या दशकातले जुने गाणे गायले. त्याच्या आरंभी बेस गायकाने अक्षरांची जी फैर झाडली आहे ती एकदा ऐकली की हा मुद्दा पुन्हा सांगावा लागत नाही.

मग ‘द पेंग्विन्स’चे 1954 चे ‘अर्थ एंजल’ लावावे आणि पेटीवरचे आपले चार गुच्छ त्याच्याबरोबर वाजवून पाहावेत. पट्टी जुळवायला दोन-तीन प्रयत्न लागतील. ती जुळली की गाण्याची अख्खी इमारत बोटांखाली येते. त्याच वर्षीचे ‘द कॉर्ड्स’चे ‘श-बूम’ही ऐकावे, आणि लगोलग कॅनडातील ‘द क्रू-कट्स’ने केलेली त्याचीच नक्कल ऐकावी. मूळ गाणे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांचे होते. अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली ती गोऱ्या समूहाची नक्कल. त्या काळात असे वारंवार घडत होते. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यावर मूळ गाण्यातली उसळी नकलेत कशी इस्त्री केल्यासारखी सपाट झाली आहे हे कानालाच कळते, आणि हा अन्याय मला आजही बोचतो.

‘फ्रँकी लायमन अँड द टीनएजर्स’चे 1956 चे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ याच टप्प्यावर ऐकावे. लायमन तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि त्याचा आवाज अजून फुटलेला नव्हता. त्यामुळे सर्वांत वरची जागा मोठ्या माणसाच्या कसरतीने नव्हे तर मुलाच्या सहज गळ्याने भरली आहे.

तिसरी पायरी: एकच गाणे, पाच वेळा

आता एका गाण्यावर थांबावे. ‘द टेम्प्टेशन्स’चे ‘माय गर्ल’ हे मी नव्या श्रोत्याला नेहमी देतो. डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी यांनी 1959 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे, म्हणजे मोटाउनचे, हे गाणे 1964 च्या डिसेंबरात निघाले आणि पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी लिहिले. दोघेही ‘द मिरॅकल्स’ या दुसऱ्याच समूहाचे गायक होते. गाण्याची लांबी जेमतेम पावणेतीन मिनिटे, म्हणून पाच वेळा ऐकायला पाव तासाहून कमी वेळ लागतो.

पहिल्या वेळी फक्त बेस गिटार ऐकावी. गाणे तिच्यानेच उघडते. ती जेम्स जेमरसन यांची आहे, आणि सुरुवातीचे ते मोजके सूर हृदयाच्या ठोक्यासारखे पडतात.

दुसऱ्या वेळी गिटारची चढती सुरावट ऐकावी. ती रॉबर्ट व्हाइट यांनी वाजवली आहे, आणि मराठी श्रोत्यासाठी येथे एक सुखद ओळख आहे: तिचे सूर सा, रे, ग, प, ध, सा असे आहेत, म्हणजे भूपाचा आरोह. मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी पांढरी एक असल्याने पेटीवर ती थेट वाजवता येते. पुढच्या कॉर्डवर तीच चढण मध्यमाला सा मानून पुन्हा येते. तो राग नाही, रागाचे चलन तेथे नाही, पण पाच सुरांच्या या चढणीतला मोकळेपणा आपल्या ओळखीचा आहे.

तिसऱ्या वेळी मागचे आवाज. येथे डेव्हिड रफिन यांच्या किंचित खरखरीत प्रमुख आवाजाकडे कान ओढला जाईल. तो निर्धाराने परत आणावा. मागे एडी केंड्रिक्स यांचा रेशमी उंच आवाज, मेल्विन फ्रँकलिन यांचा खोल बेस, आणि मध्ये ओटिस विल्यम्स व पॉल विल्यम्स. ते कोठे गप्प राहतात हे आधी टिपावे. सुरुवातीला प्रमुख आवाजाला एकटे सोडलेले असते, मग मागची माणसे लांब धरलेल्या सुरांनी त्याच्याखाली जमीन घालतात, आणि धृपदात त्याने उच्चारलेले शब्द उचलून त्याला परत देतात. आपल्या कीर्तनात टाळकरी ओळ उचलतात तसेच हे आहे, फक्त उचलताना ती तीन-चार उंचींवर एकाच वेळी उचलली जाते.

चौथ्या वेळी व्हायोलिनांचा मधला भाग संपतो तेथे लक्ष ठेवावे. गाणे पांढरी एक सोडून पांढरी दोनमध्ये जाते. शब्द आणि चाल तीच राहते, पण अख्खा समूह एक स्वर वर उचलला गेल्यामुळे गाणाऱ्याचा आनंद वाढल्यासारखा वाटतो. पट्टी बदलण्याची ही युक्ती पुढच्या काळात या प्रकारच्या गाण्यांत इतकी वापरली गेली, की ‘बॅकस्ट्रीट बॉइज’च्या 1999 च्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’मध्येही शेवटच्या धृपदाला ती भेटतेच.

पाचव्या वेळी काहीही शोधू नये. प्रमुख गायकाकडे आता परत जावे, आणि तो एकटा नाही हे ऐकावे.

चौथी पायरी: उंच आवाजाची सवय

अनेक मराठी श्रोत्यांना पुरुषाने फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरच्या पातळ आवाजात गाणे सुरुवातीला खटकते. आपल्या शास्त्रीय गायनात असा आवाज सहसा मानला जात नाही, हे त्याचे कारण. यावर उपाय एवढाच की त्या आवाजाला नायकाचा आवाज न समजता वरच्या सप्तकातली बासरी समजावे. ‘द फोर सीझन्स’च्या 1962 च्या ‘शेरी’मध्ये फ्रँकी व्हॅली यांचा फॉल्सेटो टोकदार, जवळजवळ धातूसारखा आहे, ‘बी जीज’च्या 1977 च्या ‘हाउ डीप इज युअर लव्ह’मध्ये गिब बंधूंचे उंच आवाज मलमलीसारखे हलके आहेत. एकापाठोपाठ एक ऐकल्यास फॉल्सेटो हा एकच आवाज नसतो हे कळते आणि खटकणे पुष्कळ कमी होते.

पाचवी पायरी: एका खोलीतले तीन भाऊ

‘द बीच बॉइज’ हा समूह 1961 मध्ये कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे जमला: ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन. ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि तरीही आवाज आवाजावर रचण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे झाले. लहानपणी ते ‘द फोर फ्रेशमेन’ या जॅझ चौकडीच्या तबकड्यांमधला एकेक आवाज सोडवून काढत आणि घरच्यांना शिकवत. आपण या लेखात जे करतो आहोत तेच, फक्त कितीतरी अधिक चिकाटीने.

प्रथम 1963 चे ‘इन माय रूम’ घ्यावे. तिघे भाऊ एका खोलीत झोपत आणि रात्री तेथेच एकत्र गात. पहिल्या कडव्यात तेच तिघे आहेत. मग 1966 च्या ‘पेट साउंड्स’ या संग्रहाकडे वळावे. त्यातील ‘गॉड ओन्ली नोज’ प्रमुख आवाजात कार्ल गातात. शेवटी आवाज एकामागून एक प्रवेश करतात आणि एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याची सुरू होते, तेथे तिन्ही ओळी एकदम धरण्याचा प्रयत्न करू नये. दर वेळी एकाच ओळीचा हात धरून शेवटपर्यंत जावे. या संग्रहाच्या सत्रांचा एक वेगळा संच 1997 मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात वाद्ये काढून टाकून केवळ आवाज ठेवलेली गाणी आहेत. हार्मनी शिकू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

बँडकडे वळताना

बँडमधली माणसे वाद्ये वाजवता वाजवता गातात, म्हणून तेथे आवाज वेगळे काढणे अधिक कठीण असते. पण ‘द बीटल्स’च्या बाबतीत एक सोय आहे. त्यांच्या पहिल्या दोन संग्रहांच्या जुन्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये बहुतांशी डाव्या बाजूला आणि आवाज उजव्या बाजूला ठेवलेले आहेत. हेडफोनची डावी बाजू कानावरून दूर केली की गाणारे जवळजवळ एकटे उरतात. त्यानंतर 1963 चे ‘धिस बॉय’ ऐकावे, ज्यात जॉन, पॉल आणि जॉर्ज असे तिघे सलग तीन उंचींवर गातात, आणि मग 1969 चे ‘बिकॉज’. या गाण्यात त्याच तिघांनी आपापले सूर तीन वेळा ध्वनिमुद्रित केले आणि एकावर एक ठेवले, त्यामुळे तीन माणसांचे नऊ आवाज झाले.

हीच कल्पना ‘क्वीन’ने 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मध्ये टोकाला नेली. त्यातला ऑपेरासारखा मधला भाग ऐकताना मोठा गायनवृंद समोर उभा आहे असे वाटते, पण गाणारे तिघेच आहेत: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, सर्वांत वरच्या किंकाळ्या टेलर यांच्या. मर्क्युरी यांचे बरेचसे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथे ते पियानो शिकत, शाळेच्या गायनवृंदात गायले आणि मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँडही तेथेच काढला.

1990 च्या दशकातले बरेचसे बॉय बँड या पद्धतीने ऐकल्यावर हाती फारसे लागत नाही, कारण तेथे बहुधा एकेक जण आळीपाळीने गातो आणि धृपदाला सगळे एकत्र येतात. फिलाडेल्फियाचे ‘बॉइज टू मेन’ हा मोठा अपवाद. 1992 चे त्यांचे ‘एंड ऑफ द रोड’ अमेरिकेत 13 आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यात मध्यावर मायकेल मॅकेरी खर्जात बोलू लागतात, तेव्हा 1939 च्या हॉपी जोन्सची आठवण यावी. मधली 53 वर्षे त्या एका आवाजात जोडली गेली आहेत.

शेवटची पायरी: स्वतः गाणे

तीन मित्र मिळाले की पुरे. पेटीवर पांढरी एकचा सा धरावा. ज्याचा आवाज खाली जातो त्याने सा घ्यावा, मधल्याने ग, उंच आवाजाच्या माणसाने प, आणि तिघांनी ‘ऊ’ या एकाच स्वरावर, एकाच जोराने, एका श्वासात सूर लावावा. ‘ऊ’ने सुरुवात करण्याचे कारण असे की त्यात ओठांचा आकार सर्वांचा सारखा राहतो आणि आवाज लवकर मिसळतात, ‘आ’वर प्रत्येकाचा पोत वेगळा दिसतो. गंधार बहुधा चढा लागतो किंवा प्रत्येक वेळी थोडा वेगळा लागतो. तेव्हा मधल्याने थांबावे, सा आणि प या दोघांनी पुन्हा जम बसवावा आणि मग त्याने हळूच आत यावे. सा-ग-प स्थिर झाला की सुरुवातीचे चार गुच्छ क्रमाने घ्यावेत, आणि बदलताना ज्याला शक्य असेल त्याने आपला सूर तसाच ठेवावा. उदाहरणार्थ, पहिल्या गुच्छातून दुसऱ्यात जाताना सा आणि ग दोन्हींत आहेत. त्यामुळे ते दोघे जागचे हलत नाहीत, आणि उंच आवाजाचा माणूस पंचमावरून धैवतावर तेवढा जातो.

या काळात पेटी बंद ठेवावी आणि फोनवर सगळे ध्वनिमुद्रित करावे. चक्र आठ वेळा फिरवून झाले की गाणे न थांबवता पेटीवर पुन्हा पांढरी एक दाबावी. बहुतेक वेळा समूह तिच्यापेक्षा थोडा खाली आलेला असतो, आणि ध्वनिमुद्रण परत ऐकले की कोणत्या फेरीत कोणाचा सूर आधी उतरला ते तिघांनाही ऐकू येते.